शिकारीच्या रानातली लागवड

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात शिकारीसाठी राखलेली खासगी राने गावोगाव आहेत. हिमयुगातल्या हिमनद्या या भागावरून गेल्या नाहीत, त्यामुळे इथली जमीन घासून सपाट झाली नाही. माथ्यावर शेते, तळाशी ओढे आणि मधल्या उभ्या उतारांवर ओकचे जंगल अशी तिची ठेवण आहे. 40 किंवा 80 एकरांचे तुकडे लोक इथे घेतात ते पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी. नोव्हेंबरअखेरचा बंदुकीचा मुख्य हंगाम फक्त नऊ दिवसांचा असतो. धनुष्यबाणाला सप्टेंबरच्या मध्यापासून मुभा असली, तरी गप्पा फिरतात त्या या नऊ दिवसांभोवती. उरलेल्या वर्षात त्याच रानात करवत, पहार आणि विळा चालतो.

जमीन मालकाची असली तरी हरीण त्याचे नसते. अमेरिकी कायद्यात वन्यप्राणी ही जनतेची ठेव आणि राज्य तिचे विश्वस्त. कोणते हरीण, किती आणि केव्हा मारायचे हे राज्य ठरवते. मालकाच्या हाती उरते ती जमीन, म्हणजे हरणाचा चारा आणि आडोसा.

हिवाळ्यात करवतीचे काम निघते. दाट वाढलेल्या जंगलाच्या तळाशी ऊन पोचत नाही आणि जे काही उगवते ते हरणे खाऊन टाकतात. हरणाचे तोंड सुमारे पाच फुटांपर्यंत पोचते. कळप मोठा असला की त्या उंचीखाली पालाच उरत नाही आणि झाडांमधून दूरवर आरपार दिसते. शहरातून आलेल्या नव्या मालकाला असे मोकळे रान देखणे वाटते. हरणाला मात्र तिथे खायला नसते आणि लपायलाही नसते.

त्यावरचा शिकाऱ्यांचा आवडता उपाय म्हणजे ‘हिंज कट’. मनगटाहून जाड आणि मांडीहून बारीक असे मेपल किंवा आयर्नवूडचे झाड निवडतात. साधारण छातीच्या उंचीवर करवत तिरपी घालून खोड अर्ध्याहून जास्त कापतात आणि झाड कलायला लागले की हाताने रेटून आडवे करतात. एका बाजूची साल आणि तिच्याखालचे ओले लाकूड तुटत नाही. तेवढ्या पट्टीवर झाड जगते आणि पुढच्या वसंतात त्याला पालवी फुटते, ती हरणाच्या तोंडाशी. पडलेल्या फांद्यांचा आडोसाही होतो. काम मात्र जोखमीचे आहे. ताणाखालचे खोड उभे फाटून कापणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते, म्हणून शिरस्त्राण घालूनच आणि सोबत कुणी असतानाच ते करायचे. वनअधिकारी या पद्धतीकडे सावधपणे पाहतात, आणि ते योग्यच आहे. हौसेच्या भरात चांगल्या ओकवर करवत चालली, तर पिढ्यान् पिढ्या पुरणारे लाकूड आणि फळ दोन्ही जाते.

ओक हे इथले खरे धन. पूर्वी या टेकड्यांवर वारंवार वणवे लागत. जाड सालीचा ओक त्यांत तगायचा आणि पातळ सालीची झाडे जळायची. वणवे थांबले, सावलीत वाढणारा मेपल खालून भरत गेला आणि उन्हाशिवाय न वाढणाऱ्या ओकची नवी पिढी खुंटली. म्हणून जाणते मालक विरळणी करतात: निवडलेल्या ओकच्या माथ्याला भिडलेली आजूबाजूची झाडे काढतात, म्हणजे त्याला ऊन मिळते आणि एकॉर्न, म्हणजे त्याची फळे, जास्त धरतात. पांढऱ्या ओकचे एकॉर्न एकाच हंगामात पिकते आणि त्यात तुरटपणा कमी असतो. लाल ओकच्या एकॉर्नला दोन हंगाम लागतात. हरणे आधी पांढऱ्याखाली जातात.

नवी लागवड एप्रिलमध्ये होते. उघड्या मुळांची रोपे ओल्या जुड्यांतून येतात, आणि जुडी सोडली की पहिल्यांदा नाकात भरतो तो मातीचा वास. पहार जमिनीत रोवून मागेपुढे हलवली की फट पडते. तिच्यात मुळे सरळ सोडायची. टोक वर दुमडले तर मूळ वाकडेच जाडावते आणि वरून धड दिसणारे झाड काही वर्षांनी मरते. मग शेजारी पहार पुन्हा रोवून माती मुळांवर दाबायची आणि टाचेने फट बुजवायची. दहा फुटांवर एक या हिशेबाने एकरी सुमारे 435 रोपे बसतात. बुंध्याभोवतीचे गवत काही वर्षे काढावे लागते, कारण ते पाणी पळवते आणि हिवाळ्यात त्याच्या आडोशाने उंदीर साल कुरतडतात. रोपावर पाच फुटी नळकांडे चढवावे लागते तेही हरणांपासून वाचवण्यासाठी.

पांढऱ्या ओकला फळ यायला सुमारे वीस वर्षे लागतात आणि भरघोस फळाला त्याहून जास्त. या टेकड्यांवर पहार हाती घेणारे अनेकजण साठीतले असतात. वीस वर्षांचा हिशेब त्यांना ठाऊक असतो. त्या झाडाखाली मचाण बांधायला आपण असू की नाही, याची खात्री नसतानाही ते पहार रोवतात, आणि या साऱ्या उद्योगात आदर वाटावा अशी गोष्ट हीच आहे.

या कामाला शास्त्राची बैठक दिली आल्डो लिओपोल्ड यांनी. ते शिकारी होते, वनअधिकारी होते आणि 1933 मध्ये ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ लिहून याच राज्याच्या विद्यापीठात त्या विषयाचे प्राध्यापक झाले. 1935 मध्ये बाराबू गावाजवळ त्यांनी पिकून पिकून निःसत्त्व झालेली शेतजमीन घेतली. सुरुवातीच्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने लावलेली बहुतेक रोपे मेली. तरीही दर वसंतात लागवड चालू राहिली आणि हजारो पाइन उभे राहिले.

चांगल्या हेतूने लावलेले सगळेच चांगले ठरत नाही. ऑटम ऑलिव्ह आणि मल्टिफ्लोरा रोज ही आशियाई झुडपे विसाव्या शतकात अमेरिकी सरकारी खात्यांनीच पक्ष्यांना फळे आणि आडोसा मिळावा म्हणून वाटली. आज ती उपटायला जमिनीचे मालक पैसे मोजतात. लवकर फळणाऱ्या परदेशी झाडांच्या जाहिराती मोहात पाडतात, तेव्हा हा इतिहास आठवावा.

क्लोव्हर किंवा सलगमचा छोटा तुकडा पेरणे, म्हणजे ‘फूड प्लॉट’, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत लोकप्रिय भाग. महिन्याभरात हिरवे दिसते आणि हरीण बंदुकीच्या टप्प्यात येते. रानाची तब्येत त्याने फारशी सुधारत नाही. मक्याचे ढीग टाकणे तर त्याहून घातक. विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग आढळला. तो लाळेतून आणि मातीतून पसरतो, आणि एकाच ढिगावर तोंडे घालणाऱ्या कळपात त्याला वाट मिळते. बाधित भागांत असा चारा टाकायला बंदी आली ती यामुळेच.

शेवटचे काम बंदुकीचे, आणि तिथेच मन आडवे येते. मोठ्या शिंगांचा नर सर्वांना हवा असतो, पण कळप आवरायचा तर माद्या मारल्या पाहिजेत. लिओपोल्ड यांनी 1943 मध्ये माद्यांच्या शिकारीला पाठिंबा दिला, तेव्हा लोक त्यांच्यावर खवळले होते. तो राग अजून पुरता गेलेला नाही. किती माद्या काढायच्या, हे ठरवायला साधा उपाय आहे. रानात थोडी जागा उंच जाळीने बंद करायची आणि दोन-तीन वर्षांनी आतली आणि बाहेरची ओकची रोपटी शेजारी शेजारी पाहायची. आत कमरेइतकी आणि बाहेर घोट्याइतकी असतील, तर कळप रानाला झेपत नाही, आणि पुढच्या नऊ दिवसांत राज्याने परवानगी दिलेल्या माद्या पूर्ण काढायच्या.