एका विहिरीचं पाणी किती?

मार्च 2023च्या अखेरीस फुलंब्री पंचायत समितीसमोर गेवराई पायगाच्या सरपंचांनी 2 लाख रुपयांच्या नोटा उधळल्या. सिंचन विहिरींच्या मंजुरीसाठी शेतकऱ्यांकडे पैसे मागितले जातात, असा त्यांचा आरोप होता. ती चित्रफीत राज्यभर फिरली आणि चर्चा लाचेची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण या तालुक्यात विहीर एवढी मोलाची का, आणि मंजूर झालेली विहीर शेतकऱ्याच्या पदरात नेमकं किती पाणी टाकते, हे कुणी विचारलं नाही.

फुलंब्री छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खुलताबादकडच्या डोंगरांतून येणारी गिरिजा या तालुक्यातून पूर्णेकडे जाते. फुलंब्रीजवळ फुलमस्ता नदीवर मध्यम प्रकल्प आहे. पण धरणाचं पाणी थोड्या शिवाराला पुरतं. बाकीच्यांची भिस्त विहिरीवर. कपाशी आणि मका पावसावर निघतात. गहू, कांदा, भाजीपाला आणि अद्रक मात्र विहिरीच्या जिवावर. त्यातही अद्रकीची लागवड ऐन उन्हाळ्यात, विहिरीनं तळ गाठलेला असताना होते.

इथल्या विहिरीचा स्वभाव कळायला खाली उतरावं लागतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हे पठार तयार झालं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या दगड आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि भेगांत. अखंड पाषाणात ते जवळपास नसतंच. म्हणून पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून जागा दाखवली तरी भेग लागली तरच झरा लागतो. मग सुरुंग लावायचे, यारीनं दगड वर काढायचा, परसापरसानं खाली जायचं. पाणी कमी पडलं, तर विहिरीच्या पोटातून आडवे बोअर मारायचे.

अशी विहीर म्हणजे आजूबाजूच्या खडकातलं पाणी गोळा होण्याची जागा. ती नवं पाणी निर्माण करत नाही. शिवारातल्या सगळ्या विहिरी एकाच रांजणाला लावलेल्या तोट्या आहेत.

पूर्वी उपशाला बैलांच्या ताकदीची मर्यादा होती. मोट थारोळ्यात रिकामी व्हायची, बैल धावेवरून मागे यायचे, पुन्हा उतरायचे. दिवसभरात भिजायचं ते थोडंच रान. डिझेल इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. भारनियमनाचा जाच होता, रात्रीच्या लाईटीवर अंधारात पाणी भरावं लागायचं. आता सौर पंप येत आहेत. शेतकऱ्याची रात्रपाळी आणि बिलाची कटकट त्यानं सुटेल, आणि ती सुटलीच पाहिजे. पण बैलांचा थकवा, डिझेलचा खर्च, विजेच्या वेळा हे सगळे लगाम एकेक करून गळून पडले आहेत. उपशाला आवर आता फक्त हिशेबच घालू शकतो.

तो हिशेब मांडून पाहू. विहिरीचा व्यास 6 मीटर आणि तिच्यात 10 मीटर पाणी धरलं, तर ते होतं सुमारे 2 लाख 83 हजार लिटर. एका एकराला 5 सेंटीमीटर उंचीचं एक पाणी द्यायला सुमारे 2 लाख लिटर लागतात. म्हणजे तुडुंब भरलेली विहीर जेमतेम दीड एकराची एकच पाळी भिजवते. तिची खरी ताकद उपशानंतर पुन्हा किती भरते यात आहे.

आता आभाळाची बाजू. वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस धरला, तर एका एकरावर 24 लाख लिटर पाणी पडतं. बेसॉल्टमध्ये, म्हणजे या लाव्हाच्या खडकात, त्यातलं मुरतं ते थोडं: खडकाच्या जातीप्रमाणे 1 ते 14 टक्के. 10 टक्के धरले, तर एका एकराच्या वाट्याला येतं 2 लाख 40 हजार लिटर, म्हणजे त्याच एकराचं एक पाणी आणि वर थोडंसं.

रोजगार हमीच्या सिंचन विहिरींसाठी दोन विहिरींत साधारण 150 मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. या अंतरानं शिवारभर विहिरी झाल्या, तर एका विहिरीच्या वाट्याला येतं सुमारे साडेपाच एकर रान, म्हणजे मुरलेलं 13 लाख लिटर पाणी. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात. तेवढ्यात एकरभर गहू निघेल. एक-दोन पाण्यांवर येणारा हरभरा किंवा ज्वारी मात्र तीन-चार एकर पिकेल, ठिबकवर त्याहून पुढेही जाता येईल. आकडे ठोकळ आहेत. बांधबंदिस्तीनं मुरण वाढतं, शेजारच्या तलावाचा पाझर मिळतो. तरीही दिशा स्पष्ट आहे: वाट्याबाहेरचं प्रत्येक पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून आलेलं असतं.

या विहिरींचं अनुदान 2022 साली 3 लाखांवरून 4 लाख रुपये झालं, 2024 साली 5 लाख. खोदाईचा खर्च पाहता ते योग्यच आहे. पण पैसा वाढला म्हणून मुरणारं पाणी वाढत नाही. विहीर आटली की माणूस बोअरकडे वळतो. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यानं शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली, पण शिवारात तिची जरब नाही. शेततळ्याचीही हीच गत. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी धरलं तर ते वरदान. प्लास्टिक अंथरून विहिरीचंच पाणी त्यात भरलं, तर सामाईक पाणी एकाच्या मालकीचं होतं आणि उन्हात वाफ होऊन उडतं.

वाट दाखवणारी गावं दूर नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली डोंगर-उताराची कामं केली, शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवायची रीत घातली. जालन्याजवळच्या कडवंचीनं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती-पाणी अडवलं आणि द्राक्षं उभी केली. हिवरे बाजारचा धडा फुलंब्रीसाठी जास्त मोलाचा वाटतो, कारण त्या गावानं पाणी अडवून थांबणं पुरेसं मानलं नाही; ते वाटण्याची शिस्तही स्वतःवर घालून घेतली.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. तेच काम गावानं स्वतःच्या चार-सहा विहिरींवर टेप सोडून करावं आणि ऑक्टोबरचा आकडा रब्बीची पेरणी होण्याआधी ग्रामसभेत ठेवावा. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढावं, उरलेल्यात किती गहू आणि किती हरभरा हे ठरवावं. ज्याच्याकडे एकही विहीर नाही, त्याला पहिली मिळावी. ज्याच्याकडे दोन आहेत, त्यानं तिसरीसाठी थांबावं. फुलंब्रीत विहिरी अजून हव्या आहेत. पण प्रत्येक नव्या विहिरीच्या मंजुरीबरोबर त्या शिवारात मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब जाहीर झाला, तरच मालकाच्या हाती दगडी खड्ड्याऐवजी खात्रीचं पाणी येईल.