साथीच्या काळातील पर्यटन आणि मोबाइल अ‍ॅप : कोलकात्याचा अनुभव

कोलकाता - साथीच्या काळात पर्यटन सुरू ठेवण्यासाठी, बाधितांच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढणारे मोबाइल अ‍ॅप कितपत उपयोगी पडते? २०२० साली कोलकात्यात जे घडले, त्यावरून अशा अ‍ॅपची उपयुक्तता आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

केंद्र सरकारने २ एप्रिल २०२० रोजी ‘आरोग्य सेतू’ हे अ‍ॅप उपलब्ध करून दिले. हे अ‍ॅप असलेले दोन फोन जवळ आले की ब्लूटूथद्वारे त्या भेटीची नोंद होत असे. पुढे त्यांपैकी एक व्यक्ती चाचणीत बाधित आढळल्यास दुसरीला सावध करता येत असे.

देशांतर्गत विमानसेवा २५ मे २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. अम्फान चक्रीवादळाच्या तडाख्यामुळे कोलकात्यात मात्र ती २८ मे रोजी सुरू झाली. प्रवाशांनी अ‍ॅपवरील आपली स्थिती दाखवावी किंवा स्वयंघोषणापत्र भरावे, असे केंद्राचे निर्देश होते.

तथापि, अ‍ॅपवरील हिरवी खूण हे निरोगी असल्याचे प्रमाणपत्र नव्हते. भेटीची नोंद होण्यासाठी दोघांकडेही अ‍ॅप असणे आवश्यक असते. समजा, चारपैकी एकाच व्यक्तीकडे अ‍ॅप असेल, तर सरासरी सोळा भेटींपैकी एकच नोंदली जाते. ज्याची चाचणीच झाली नाही, अशा बाधिताविषयी तर कोणालाच सूचना मिळत नाही.

ही मर्यादा महाराष्ट्रातील प्रवाशांनाही जाणवली. पश्चिम बंगाल सरकारच्या विनंतीवरून ६ जुलै २०२० पासून मुंबई, पुणे आणि नागपूरसह सहा शहरांतून कोलकात्यास येणारी विमाने थांबविण्यात आली. १ सप्टेंबरपासून त्यांना आठवड्यातून तीन दिवस परवानगी मिळाली. प्रवाशाच्या फोनवर कोणती खूण आहे, यापेक्षा तो कोणत्या शहरातून येतो, हेच निर्णायक ठरले.

गर्दी आवरण्यासाठी वेगळे उपाय योजावे लागले. १४ सप्टेंबर २०२० रोजी कोलकाता मेट्रो सर्वसामान्यांसाठी सुरू झाली, तेव्हा ‘पथदिशा’ अ‍ॅपवरून ठरावीक वेळेचा ई-पास घेणे बंधनकारक होते. या पासाने कोणाचाही माग काढला नाही; केवळ प्रवाशांची संख्या मर्यादित ठेवली. दुर्गापूजेत तर कलकत्ता उच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर रोजी आदेश देऊन मंडप दर्शनार्थींसाठी बंद केले.

‘आरोग्य सेतू’तील माग काढण्याची सुविधा बंद करण्यात आली असून त्याद्वारे जमा झालेली माहिती नष्ट केल्याचे सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितले.

माग काढणारे अ‍ॅप संपर्क झाल्यानंतर सावध करते; संपर्क टाळण्याचे काम त्याचे नव्हे. त्यामुळे भविष्यात साथ आल्यास पर्यटनाची भिस्त एकट्या अ‍ॅपवर ठेवता येणार नाही. पुरेशा चाचण्या, गर्दीवर मर्यादा, स्मार्टफोन नसलेल्यांसाठी पर्यायी व्यवस्था आणि जमविलेली माहिती नष्ट करण्याची निश्चित मुदत या गोष्टी सोबत असतील, तरच ते प्रवाशांच्या आणि पर्यटनावर पोट असणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.