पाच टाके

मुलांनो, बंगळूरूत माकडं बघायला प्राणिसंग्रहालयात जावं लागत नाही. भारतीय विज्ञान संस्थेच्या झाडांवरसुद्धा ती भेटतात. लांब शेपूट, डोक्यावर मधोमध भांग आणि केस चहूबाजूंना पसरलेले. हे दक्षिणेतलं टोपीवालं माकड. याच संस्थेत एन. आर. मुदगल या शास्त्रज्ञांनी या माकडांवर प्रजननाच्या संप्रेरकांचा अनेक वर्षं अभ्यास केला. टोपीवाल्या माकडाचा उत्तरेकडचा भाऊबंद म्हणजे ऱ्हीसस. या दोघांच्या पूर्वजांची आणि आपल्या पूर्वजांची वाट सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली.

आता ऐका, आपल्यात आणि माकडांतही असलेल्या एका प्रथिनाची गोष्ट. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट ग्रंथी असते. ती वीर्यात पीएसपी-९४ नावाचं प्रथिन सोडते. त्याची साखळी ९४ अमिनो आम्लांची, म्हणून नावात ९४. त्याचं जनुक आपल्या १० व्या गुणसूत्रावर आहे. प्रथिनाचा मजकूर तिथे सलग लिहिलेला नसतो. तो ‘एक्झॉन’ नावाच्या ४ तुकड्यांत विभागलेला असतो आणि मधल्या जागा पेशी गाळून टाकते.

१९९१ मध्ये माणसाचं आणि ऱ्हीससचं हे जनुक शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं गेलं. आराखडा तोच निघाला. अमिनो आम्लं मात्र बरीच बदललेली! हे प्रथिन फार झपाट्यानं बदलतं. डुकराच्या प्रथिनाशी आपलं ताडून पाहिलं, तर निम्म्याच्या आसपासच आम्लं जुळतात. दक्षिण अमेरिकेतल्या टॅमरिन माकडात तर या जनुकाच्या एकाहून अधिक प्रती झाल्या आहेत.

मग एवढ्या बदलात साखळीचा आकार टिकतो कसा? साखळीत सिस्टीन नावाची १० आम्लं आहेत. ती दोन-दोन जोडीनं गंधकाचे ५ पूल बांधतात. गोधडीतले तुकडे बदलावेत आणि टाके मात्र जागच्या जागी राहावेत, तसं हे आहे. मुंबईत राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र इथल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये स्फटिकावरून या प्रथिनाची रचना उलगडली. त्यात दोन रेणू कडेला कड लावून जोडीनं बसलेले दिसले.

जनुकाच्या दाराशी झालेला छोटा बदलही पुष्कळ काही करतो. माणसांत काहींच्या जनुकासमोर एका जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ हे अक्षर असतं. त्यामुळे प्रथिन कमी तयार होतं. अशा पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका थोडा अधिक असतो, हे २००८ मध्ये हजारो माणसांच्या तपासणीतून कळलं. धोका अधिक, म्हणजे रोग होणारच असं मात्र नव्हे.

म्हणून माकडाशी तुलना करताना फरक मोजून थांबू नका. काय टिकलं, तेही शोधा. कोट्यवधी वर्षांच्या उलथापालथीत जिथे निसर्गानं हात लावू दिला नाही, तिथेच प्रथिनाचं खरं बळ असतं.