सरहद्दीच्या ओढ्यावरची सायकलवाट

गेल्या हंगामात फेब्रुवारी महिन्यात एका गावच्या शिवेवर मी दोन तास उभा होतो. आत पावणेदोन एकर खोडवा तोडून, मोळ्या बांधून पडलेला. बाहेर सडकेवर ट्रॅक्टर उभा. मधली पाणंद मात्र दोन्ही अंगांनी बांध कोरत कोरत इतकी बारीक झालेली, की रिकामी बैलगाडीसुद्धा अंग चोरून जाईल. पलीकडचा गडी बांधावर बसून होता. "माझ्या बापाच्या काळापास्नं हितनं रस्ता न्हाईच," एवढे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ऊस दोन दिवस तिथेच वाळला. तोडलेला ऊस वाळला की वजन आणि उतारा कसा घटतो, हे याच अंकातून आम्ही अनेकदा लिहिले आहे. पुन्हा सांगत बसत नाही.

त्याच संध्याकाळी, ज्यांचा ऊस अडकला त्या सभासदांच्या सोप्यात चहाला बसलो. त्यांचा थोरला मुलगा स्कॉटलंडात एडिंबरा शहरी नोकरीला असतो, तो रजेवर आला होता. आमची पाणंदीची रडकथा ऐकून त्याने मोबाईल पुढे केला. "काका, हे बघा." फोटोत एक उभा दगड, दगडाला आरपार भोक, आणि त्या भोकातून दोघांनी एकमेकांचा हात धरलेला. "मी स्कॉटलंडात उभा आहे, मित्र इंग्लंडात. सायकलवरनं गेलो होतो."

मला आधी थट्टाच वाटली. पण मग त्याने बरेच सांगितले, मीही पुढे मिळेल ते वाचले, आणि वाटले की हे आपल्या सभासदांना सांगायला हवे.

स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची सरहद्द बऱ्याच ठिकाणी पाण्यावरून जाते. पूर्वेला ट्वीड नदी सुमारे २७ किलोमीटर सरहद्द होऊन वाहते. पश्चिमेकडे कर्शोप नावाचा एक ओढा आहे, तो लिडल नदीला मिळतो, आणि तिथून खाली काही अंतर लिडलच सरहद्द होते. ओढा म्हणजे ओढाच, आपल्याकडे बैल न भिजता पार होतील असा. पण या ओढ्याच्या दोन काठांवर तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जे चालले, ते वाचून आपले बांधावरचे भांडण फारच सोज्वळ वाटायला लागते.

तिथली धंदेवाईक चोरी म्हणजे गुरे पळवणे. रात्री घोड्यावरून पलीकडे जायचे, दावणीची गुरे सोडायची आणि उजाडायच्या आत डोंगरवाटेने घरी. त्या लोकांना 'रीव्हर' म्हणत. आपण सहज वापरतो तो 'ब्लॅकमेल' हा शब्दही त्याच मुलखातला; गुरे सुरक्षित राहावीत म्हणून दांडग्याला द्यायचा तो हप्ता. ज्याची गुरे गेली त्याला सहा दिवसांच्या आत सरहद्द ओलांडून पाठलाग करायची कायद्यानेच मुभा होती. अट एवढीच, की चोरून जायचे नाही. भाल्याच्या टोकावर जळते ढेकूळ लावून, कुत्री घेऊन, शिंग फुंकत उघडपणे जायचे. वाटेत जो भेटेल त्याने साथ द्यायची.

दोन्ही बाजूंचे अधिकारी अधूनमधून तहाचा दिवस ठरवून तंटे मिटवायला बसत. त्यातली एक ठरलेली जागा याच कर्शोप ओढ्याच्या काठी होती. १५९६ साली असाच तहाचा दिवस आटोपून घरी निघालेल्या किनमाँट विली नावाच्या नामांकित गुरेचोराला इंग्रजांनी तह मोडून पकडले आणि कार्लाइलच्या किल्ल्यात टाकले. महिन्याभरात स्कॉटलंडच्या लोकांनी रात्री किल्ल्यात शिरून त्याला सोडवून नेले. चोर तो चोरच, पण तहाच्या दिवशी पकडला याचा राग लोकांना जास्त. १६०३ साली दोन्ही राज्यांचा राजा एकच झाला, आणि मग हळूहळू हा प्रकार मोडला.

लिडल नदीच्या काठी न्यूकॅसलटन नावाचे गाव आहे. १७९३ साली तिथल्या जमीनदाराने हातमागवाल्यांसाठी आखून वसवलेले. पुढे रेल्वे आली, आणि १९६९ च्या जानेवारीत ती बंदही झाली. शेवटच्या रात्रीची गाडी गावकऱ्यांनी फाटक लावून अडवून धरली. गावच्या चर्चच्या पाद्रीबाबांनाच पोलिसांनी पकडले, म्हणजे बघा! गाडीत त्या भागाचे खासदार होते, त्यांनी मध्ये पडून समजूत घातली, पाद्रीबाबा सुटले, गाडी गेली. त्या मार्गाचा उत्तरेकडचा भाग २०१५ साली पुन्हा सुरू झाला, पण तो न्यूकॅसलटनपर्यंत आलेला नाही.

डोंगरावर मेंढरे होती, तिथे विसाव्या शतकात सरकारी जंगल उभे राहिले. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई जाणवली म्हणून १९१९ साली तिकडे वनखात्याचे मंडळ झाले. इंग्लंडच्या बाजूला कील्डरची लागवड १९२६ ला सुरू झाली; माणसाने लावलेले एवढे मोठे जंगल इंग्लंडात दुसरे नाही. तिथेच कील्डरचे धरण आहे, १९८२ साली उद्घाटन झालेले. साठवणीत त्या देशातला सर्वांत मोठा मानवनिर्मित तलाव म्हणतात. हिशेब करून पाहिला तर पाणी सुमारे सात टीएमसी! आपले राधानगरी त्याहून मोठे. सभासदांनी उगाच दबून जाऊ नये.

नंतर २००१ साल उजाडले. लाळ्या-खुरकुताची साथ आली. आपल्याकडे हा रोग नवा नाही. लस टोचतो, तोंड-खूर धुतो, जनावर बहुतेक उठते. तिकडे मात्र रोगी आणि त्यांच्या आसपासची निरोगी जनावरेही मारून टाकायचे धोरण होते. त्या एका वर्षात ब्रिटनमध्ये साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. सरहद्दीच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख त्यात फार होरपळला. रोग पसरू नये म्हणून पायवाटासुद्धा बंद केल्या. मेंढरू गेले आणि पाहुणाही गेला. शेतीइतकाच फटका खानावळीवाल्यांना, दुकानदारांना बसला.

त्यानंतरच्या काही वर्षांत दक्षिण स्कॉटलंडच्या सरकारी जंगलांत डोंगरी सायकलींसाठी वाटांची सात केंद्रे उभी राहिली. नाव 'सेव्हन स्टेन्स', म्हणजे सात दगड. प्रत्येक ठिकाणी एक कोरीव दगड ठेवला आहे. न्यूकॅसलटनचा दगड सरहद्दीवरच आहे. त्याच्या एका अंगाला एका देशाच्या गाण्याच्या ओळी, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याच्या, आणि मध्ये ते भोक. फोटोतला तो हाच.

वाटांना रंग दिलेले आहेत. हिरवी सगळ्यांसाठी, निळी जरा सवयीच्या माणसाला, लाल कसलेल्याला, आणि काळी ज्याला हाडांची फिकीर नाही त्याला. वाटेवरून जायला पैसे नाहीत. कमाई होते ती मुक्कामावर, जेवणावर, सायकल भाड्याने देण्यावर. सगळीकडे सारखी होते असे मात्र नाही. ट्वीडच्या खोऱ्यात पीबल्सजवळच्या ग्लेनट्रेसला झुंबड असते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जागतिक अजिंक्यपदाची डोंगरी सायकल शर्यत तिथे झाली. न्यूकॅसलटनला त्या मानाने शांतता. मुलगा म्हणाला, "गर्दी नाही म्हणून तर मी तिथं जातो." गाववाल्यांना हे ऐकून आनंद होईल की नाही, सांगता येत नाही. पण ते गाव बसून राहणारे नव्हे. गावकऱ्यांनी न्यास काढून स्वतःच्या मालकीचा पेट्रोल पंप उभा केला, म्हणजे आपल्याच पंथातले लोक म्हणायचे.

माझा जीव जास्त रमला तो वाट बांधण्याच्या पद्धतीत. सायकलवाट म्हणजे जंगलातली कशीही पडलेली पायवाट नव्हे. डोंगराच्या धारेने सरळ खाली वाट काढली तर पहिल्या दोन पावसांत तिची घळ होते, हे आपल्या माळावरच्या सभासदांना कोणी शिकवायला नको. म्हणून वाट समपातळी बांधासारखी आडवी नेतात. बांधणाऱ्यांचा ठोकताळा असा, की डोंगराचा जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. आणि सरासरी चढ शंभर फुटाला दहा फुटांच्या आत ठेवायचा. वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ देतात, म्हणजे वरून आलेले पाणी वाटेत न थांबता पसरून खाली उतरते. आणखी एक युक्ती मला फार आवडली. वाट चढत असताना ठरावीक अंतराने तिला मुद्दाम थोडे खाली उतरवून परत चढवतात. सायकलवाल्याला मजा येते आणि पाण्याला तिथे बाहेर पडावे लागते. ते वाटेवरून लांबवर धावूच शकत नाही. आपल्या शेतरस्त्यांवर मुरूम टाकताना हे कोणी करत नाही. आम्ही कारखान्यामार्फत करून घेतलेल्या रस्त्यांतही हे राहून गेले, ते कबूल करतो.

त्या मुलखात पाऊस बारमाही झिमझिम. काही ठिकाणी माती काळी, पाणी धरून ठेवणारी, पाय टाकला की रुतणारी. तिथे दगडाचे सोलिंग करतात; दगड आडवे न पसरता उभे, एकमेकांत घट्ट बसवून. तरीही काम संपत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात 'अर्वेन' नावाचे वादळ झाले, त्यात त्या पट्ट्यातली लाखो झाडे आडवी झाली आणि वाटा बंद ठेवाव्या लागल्या. लाकूडतोड चालू असली की एरवीही बंद असतातच.

आता कायदा. ओढा एकच, पण काठागणिक कायदा वेगळा. स्कॉटलंडात २००३ साली कायदा झाला आणि २००५ पासून लागू झाला. त्याने माणसाला पायी, घोड्यावर वा सायकलवर कोणाच्याही माळरानातून जायचा हक्क दिला, पण जबाबदारीने वागायच्या अटीवर. मोटारगाड्यांना हा हक्क नाही. उभ्या पिकातून जाता येत नाही, घराच्या अंगणातूनही नाही. आणि मालकाला केवळ लोकांना अडवायचे म्हणून कुंपण घालता येत नाही, कुलूप लावता येत नाही. ओढा ओलांडून इंग्लंडात गेलात की हा हक्क संपला. तिथे सायकलने जायचे तर घोडेवाट म्हणून नोंदलेली वाट पाहिजे किंवा मालकाची परवानगी. घोडेवाटांवर सायकलला मुभा १९६८ च्या कायद्याने मिळाली. त्यातही पायी माणसाला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची.

न्यूकॅसलटनहून कील्डरकडे सायकलने डोंगर ओलांडताना माथ्यावर सरहद्दीवर एक जुना दगडी खांब लागतो. जागेचे नाव 'ब्लडी बुश', म्हणजे रक्ताचे झुडूप. नावावरूनच कळते. एकोणिसाव्या शतकात तिथून कोळशाच्या गाड्या जात, तो रस्ता खाजगी होता. घोड्याला किती, गुराला किती, मेंढराला किती, अशी जकातीची यादी त्या खांबावर कोरलेली आहे. जिथून पूर्वी चोरीची गुरे रात्री जात, तिथे पुढे मोजून पैसे घेऊन जाऊ लागली, आणि आज कोणीही फुकट सायकल हाकतो. त्या मुलाने खांबाला टेकून डबा खाल्ला. थालीपीठ होते म्हणे, एडिंबऱ्यात केलेले.

आपल्या त्या पाणंदीचे पुढे काय झाले, हे विचारणारे सभासद भेटतात म्हणून लिहितो. रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मुळात वाटच नसेल, तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आमच्या सभासदांनी पहिल्या मार्गाने अर्ज केला. जूनमध्ये मोजणी झाली, खुणेचे दगड लागले. पलीकडचा गडी हजर होता, काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी पाहिले तर कोपऱ्यावरचा एक दगड जागेवर नव्हता. तो पुन्हा लावायचा आहे. अशाच अडचणीतल्या सभासदांनी तोडणीचा कार्यक्रम लागायच्या आत, गावनकाशाची नक्कल घेऊन गट ऑफिसात यावे. अर्ज लिहून देण्याची सोय केली आहे.