वाढत्या अंगाची खुर्ची

सर्जिकलच्या दुकानात व्हीलचेअर मागितली की जी घडीची खुर्ची समोर येते, तिची बैठक 16 ते 18 इंच रुंद असते, म्हणजे 40-45 सेंटिमीटर. पाच वर्षांच्या मुलाची कंबर बसल्यावर भरते जेमतेम 20-25 सेंटिमीटर. उरलेल्या जागेत घरची मंडळी एका बाजूला उशी आणि दुसऱ्या बाजूला गोधडीची घडी कोंबतात. तासाभरात उशी घसरते आणि तिच्यासोबत मूलही. मग जळगाव जिल्ह्यातल्या भडगावच्या आसपासच्या कुठल्याही गावात ऐकू येईल असं अहिराणीतलं वाक्य येतं : ‘खुर्ची शे, पन पोऱ्या बसस नही.’ दोष पोराच्या माथी बसतो, खुर्ची मात्र निर्दोष सुटते.

मोठी खुर्ची घेण्यामागे हिशेब असतो, आणि तो वेडगळ नाही. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचाच शिवतो. पण सदरा ढगळ असला तर मूल फार तर गबाळं दिसतं. खुर्ची ढगळ असली तर ते रोज चार-पाच तास तिरकं बसतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणं) असलेल्या मुलाचे स्नायू अनेकदा आधीच एका बाजूला ओढत असतात. त्यात ही तिरकी बैठक मिळाली की पाठीचा बाक वाढायला मदतच होते.

घडीच्या खुर्चीचा आराखडा मुळात मुलांसाठी नव्हताच. खाणीतल्या अपघातात पाठ मोडून पाय लुळे पडलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी 1930च्या दशकात अमेरिकेत ती तयार केली, का तर मोटारीत ठेवता यावी म्हणून. घडी घालायची तर बैठक कापडी किंवा रेक्झिनची हवी. अशा बैठकीला मधोमध झोळ पडतो. धडधाकट हातांच्या मोठ्या माणसाला तो चालून जातो. लहान मुलाच्या मांड्या मात्र त्या झोळात आत वळतात, कंबर कलते आणि मूल हळूहळू पुढे सरकत जातं. आपल्या डोळ्यांसमोरचं व्हीलचेअरचं चित्रही मोठ्या माणसाचंच आहे. कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’च्या संस्थापक नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र अनेकांनी वाचलेलं असतं. पण चार वर्षांच्या मुलाची खुर्ची हे प्रकरण वेगळं. तिथे चाकं नंतर येतात, आधी येते बैठक.

मुंबईत मिथू आलूर यांनी 1972 साली स्पास्टिक्स सोसायटी उभी केली, ती त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती म्हणून. उपचार आणि शिक्षण एकाच छताखाली आणायचं, हा त्यामागचा विचार होता. बसण्याच्या बाबतीत त्याचं मर्म लगेच कळतं. कंबर स्थिर झाली की मान सावरते, मान सावरली की नजर फळ्यावर टिकते आणि तोल सांभाळण्यात गुंतलेले हात मोकळे होतात. जेवणाचंही तेच. मान मागे टाकून रेललेल्या मुलाला वरणभात भरवला की ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आईला वाटतं, पोर जेवायला त्रास देतं.

माप घ्यायला यंत्र लागत नाही. कापड दुकानातली टेप, एक टणक बाक आणि दोन माणसं पुरेत. एकाने मुलाला मागून धरायचं, कंबर, गुडघे आणि घोटे शक्य तितके काटकोनात आणायचे आणि दुसऱ्याने मोजायचं. कंबरेची रुंदी मोजली की ती झाली बैठकीची रुंदी. कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून 3 ते 6 सेंटिमीटर वजा करायचे, ती बैठकीची खोली. ही वजाबाकी राहून गेली तर बैठकीची कड पोटरीला रुतते, आणि ती टाळायला मूल पुढे घसरतं. गुडघ्यामागून टाचेपर्यंतच्या मापावर पायपाट्याची उंची ठरते. ती गादीच्या वरून धरायची असते, हे बहुतेक ठिकाणी विसरलं जातं. पाठ किती उंच हवी हे मात्र टेप सांगत नाही. मुलाला धड कितपत पेलतं, हे बघून ते फिजिओथेरपिस्टनेच ठरवावं.

जन्मतः मणक्याचा दोष, म्हणजे स्पायना बिफिडा असलेल्या मुलांना कमरेखाली अनेकदा संवेदनाच नसते. खुर्ची टोचते हे त्यांना कळत नाही, मग सांगणार काय? त्यांच्यासाठी गादी ही चैन नव्हे. रात्री कपडे बदलताना कुल्ल्यावरची त्वचा पाहावी. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर खुर्ची थांबवून डॉक्टर गाठावा.

जागतिक आरोग्य संघटनेने साधनांची टंचाई असलेल्या देशांसाठी 2008 साली हाताने चालवायच्या व्हीलचेअरविषयी मार्गदर्शिका काढली. त्यात खुर्ची देण्याचे आठ टप्पे आहेत : शिफारस, तपासणी, निवड, पैशांची सोय, जुळणी, अंगाला बसवून पाहणं, वापर शिकवणं आणि पुढची देखभाल. आपल्याकडे सोहळा होतो तो वाटपाचा. हार, फोटो, पाहुण्यांची भाषणं. वाटप हा शब्द त्या आठांत नाही.

तरीही साधनवाटपाचं शिबिर टाळू नये. भडगाव तालुक्यातल्या पालकाने आधी गाठावं ते पंचायत समितीचं गटसाधन केंद्र. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक शाळकरी दिव्यांग मुलांची मोजमाप शिबिरं या केंद्रामार्फतच कळवतात. साधनं येतात ती प्रामुख्याने कानपूरच्या एलिम्कोकडून, म्हणजे 1972 साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या महामंडळाकडून. त्यांच्या यादीत लहान मापाची व्हीलचेअर आहे आणि पट्टे, डोक्याला आधार, पुढे पाट असलेली सीपी (सेरेब्रल पाल्सी) चेअरही आहे. तेव्हा शिबिरात फॉर्मवर नुसतं ‘व्हीलचेअर’ लिहिलं जात असेल तर हात धरून थांबवावं. मान न सावरणाऱ्या मुलाला साधी व्हीलचेअर म्हणजे चाकं लावलेली गैरसोय.

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या अडिप योजनेत 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. महिन्याचं उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, 30,000पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. एकदा साधन मिळालं की पुढचं तीन वर्षांनी, पण बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एकाच वर्षाची आहे. मुलं वाढतात हे सरकारनेच मान्य केलं आहे. मोठी खुर्ची घेऊन ठेवण्याचं कारण तिथेच संपतं. ‘तीन वर्षं झाली नाहीत’ म्हणून कोणी परत पाठवलं तर हा नियम दाखवावा. बॅटरीवरची खुर्ची मात्र या योजनेत सोळा वर्षांनंतरच मिळते. याखेरीज ग्रामपंचायत असो की भडगावची नगरपरिषद, स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा आकडा विचारायला लाजू नये.

आता जमिनीचं. गिरणाकाठची काळी माती पावसाळ्यात चाकाला अशी धरते की पुढची छोटी चाकं फिरायचीच थांबतात. केळीच्या बागेपर्यंत, वस्तीपर्यंत खुर्ची न्यायची असेल तर पुढे एकच मोठं चाक असलेली, पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली तीनचाकी खुर्ची बरी. ब्रिटनच्या मोटिव्हेशन संस्थेने खडबडीत रस्त्यांसाठी अशाच खुर्च्या तयार केल्या. घरात मात्र ती वळायला जागा मागते. म्हणून घेण्याआधी न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं दार मोजावं. मागच्या चाकाचे टायर-ट्यूब सायकलच्या मापाचे असावेत, म्हणजे पाचोऱ्याच्या सायकलवाल्याकडे पंक्चर निघतं. पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं की खरी पंचाईत; खुर्ची हातात आली तेव्हाच जादा जोडी मागून ठेवावी. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, पण उंच पायऱ्यांवरून मूल काखेत आणि खुर्ची हातात घेऊन चढायला सवलतीचा उपयोग नाही. वजन विचारूनच खुर्ची ठरवावी.

शाळेचा रॅम्पही बघावा. नियम आहे एकास बारा उताराचा. ओटा 45 सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. दोन मीटरमध्ये उरकलेला उतार म्हणजे खुर्ची ढकलणाऱ्याची परीक्षा, आणि उतरताना मुलाची.

खुर्ची घरी आली की पहिल्या आठवड्यात तिचे दोष कळतात. पट्टा पोटावर नव्हे, मांड्यांच्या मुळाशी यायला हवा. मूल सतत एकाच बाजूला कलत असेल तर उशी कोंबण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं. दर सहा महिन्यांनी टेप काढावी आणि तारीख घालून मापं वहीत लिहावीत. पुढच्या शिबिरात हीच वही फॉर्मपेक्षा जास्त कामी येते. लहान झालेली खुर्ची शेजारच्या गावात द्यायची असेल तर जरूर द्यावी, फक्त देण्यापूर्वी त्या मुलाची कंबर मोजावी.