लाडक्या मोत्या-मनीचे फोटो असे काढा

मोबाइलची गॅलरी उघडून पाहा. घरातल्या कुत्र्याचे किंवा मांजरीचे ढीगभर फोटो असतील, पण त्यातले बरेचसे हललेले, काहींत नुसती शेपटी, तर काहींत डोळे भुतासारखे चमकणारे! चांगल्या फोटोसाठी महागडा कॅमेराच हवा असं नाही. पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

फ्लॅश बंद ठेवा

कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत आतल्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो. त्यामुळेच त्यांना अंधुक उजेडातही बऱ्यापैकी दिसतं. फ्लॅशचा उजेड याच थरावरून परततो आणि डोळे चमकतात. शिवाय प्राणी दचकतो तो वेगळाच. त्यापेक्षा सकाळी खिडकीजवळ फोटो काढा. खिडकी त्याच्या मागे नको, तुमच्या मागे किंवा बाजूला हवी.

तुम्ही खाली बसा

उभ्याने फोटो काढला, तर डोकं मोठं आणि पाय इवलेसे दिसतात. जमिनीवर बसा, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर टॅप करून फोकस करा. मागचा पसारा मात्र आधी आवरा.

रंग आणि पळापळ

काळ्या प्राण्याचा चेहरा फोटोत हरवतो, म्हणून उजेड थोडा वाढवा. पांढऱ्याचा फोटो भर उन्हात काढू नका. पळणाऱ्या प्राण्यासाठी बर्स्ट मोड वापरा. प्रो मोड असेल, तर शटर स्पीड १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा.

त्याचा नकार ओळखा

कुत्रा सारखा ओठ चाटत असेल, जांभया देत असेल, तोंड फिरवत असेल, तर बहुधा तो अस्वस्थ आहे. मांजर कान मागे पाडते, शेपटी आपटते. अशा वेळी मोबाइल खाली ठेवा. टोपी, गॉगलचा हट्ट नको. खेळून झाल्यावर, शांत असताना पुन्हा प्रयत्न करा.

हे चार फोटो हवेतच

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरून अनेक प्राणी घराबाहेर पळतात. तेव्हा शोधायला गोंडस क्लोजअप फारसे उपयोगी पडत नाहीत. समोरून चेहरा, डाव्या आणि उजव्या बाजूने पूर्ण शरीर आणि एखादी खास खूण, म्हणजे कानावरचा डाग किंवा शेपटीचं पांढरं टोक, असे चार स्पष्ट फोटो काढा. फिल्टर लावू नका, नाहीतर खरा रंग कळत नाही. पिल्लं भराभर बदलतात, त्यांचे फोटो दर महिन्याला नवे घ्या. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर ते असू द्या.

या रविवारी सकाळी दहा मिनिटं काढा. आधी हे चार फोटो, मग हवे तितके लाडाचे!