एलईडी विजेरीचे पाव शतक: खिशातली आणि पाण्याखालची

हातात मावणाऱ्या विजेरीच्या इतिहासात पहिल्या शंभर वर्षांत जेवढा बदल झाला, त्याहून मोठा बदल नंतरच्या पाव शतकात झाला. १८९९ च्या जानेवारीत डेव्हिड मिझेल यांच्या नावे अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट नोंदले गेले. पुढे एव्हरेडी या नावाने ती घरोघरी पोहोचली. कार्बनच्या तंतूची जागा टंगस्टनने आणि जस्त-कार्बन सेलची जागा अल्कलाइन सेलने घेतली, तरी तार तापवून उजेड मिळवण्याचे मूळ तत्त्व बदलले नाही. १९८४ साली आलेली, दोन पेन्सिल सेलवर चालणारी मिनी मॅगलाइट ही या परंपरेतील सर्वांत परिचित खिशातली विजेरी होय. तिचा प्रकाश पंधरा ल्युमेनच्या आसपास होता. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. पोलीस व सैनिकांसाठी बनवलेली श्युअरफायर ६पी तीन व्होल्टच्या दोन लिथियम सेलवर सुमारे तासभर ६५ ल्युमेन देई आणि त्या काळात तेवढा उजेड असाधारण मानला जाई.

या परंपरेला छेद देणारे काम जपानमध्ये झाले. निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली प्रखर निळा एलईडी, म्हणजे वीज वाहताच प्रकाश देणारा अर्धसंवाहक डायोड, सिद्ध केला. निळ्या डायोडवर पिवळसर प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप चढवून १९९६ साली त्याच कंपनीने पांढरा एलईडी बाजारात आणला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, परंतु विजेरीपुरते पाहिल्यास तो शोध त्याआधीच लाखो खिशांत जाऊन बसला होता. सुरुवातीचे पाच मिलिमीटरचे डायोड किल्लीच्या जुडग्यापुरतेच होते. एक वॉटचा लक्सिऑन डायोड आला आणि २००१ साली आर्क एलएस ही त्यावर बेतलेली छोटी विजेरी विक्रीस आली, तेव्हा एलईडी तंतूच्या बल्बशी बरोबरी करू शकतो हे दिसले. २००६ मध्ये क्री कंपनीचा एक्सआर-ई आणि त्यानंतर चारपाच वर्षांत एक्सएम-एल हे डायोड आले. यांपैकी दुसरा एकटाच तीन अँपिअरवर सुमारे हजार ल्युमेनपर्यंत पोहोचे. याच सुमारास १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा १८६५० हा लिथियम-आयन सेल लॅपटॉपमधून विजेरीत आला, आणि अंगठ्याहून थोड्या जाड नळीत पूर्वीच्या मोटारीच्या दिव्याइतका प्रकाश मावू लागला.

उजेड स्वस्त झाला तशी आकड्यांची चढाओढ सुरू झाली आणि तिला आवर घालण्यासाठी २००९ साली अमेरिकेत एफएल-१ हे मानक ठरवले गेले. त्यानुसार प्रकाश दिवा लावल्यानंतर किमान तीस सेकंदांनी मोजायचा, झोत जिथे पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तिथवर त्याचा पल्ला धरायचा आणि प्रकाश मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ हा चालण्याचा काळ मानायचा. ही व्यवस्था उपयुक्त असली तरी तिच्यातील पळवाट उत्पादकांनी लवकरच हेरली. लहान विजेरी दीडदोन मिनिटे पूर्ण तेजाने जळते, अंग तापताच आतील परिपथ प्रकाश निम्म्याहून खाली आणतो, आणि पुढचे दोनतीन तास ती मंद जळत राहते. खोक्यावर मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटानंतरचा प्रकाश आणि शेवटच्या मिनिटापर्यंतचा काळ हे दोन्ही आकडे शेजारी छापले जातात. पल्ला दुप्पट करायचा तर झोताच्या मध्याची तीव्रता चौपट करावी लागते, हेही खोके सांगत नाही.

पाण्याखालचा दिवा वेगळ्या वाटेने आला. गुहांमध्ये उतरणारे पाणबुडे कमरेला जड बॅटरीचा डबा बांधत आणि केबलने जोडलेला हॅलोजनचा दिवा हातावर चढवत. नव्वदीच्या दशकाअखेरीस हॅलोजनच्या जागी एचआयडी, म्हणजे वायूतून विद्युत-ठिणगी धरून प्रकाश देणारा दिवा आला. तो प्रखर होता, पण काचेचा व नाजूक असून विझवल्यावर लगेच पुन्हा लागत नसे. गुहेत प्रत्येकाने तीन स्वतंत्र दिवे नेण्याची शिस्त रुजण्यामागे दिव्यांचा एकूणच बेभरवसा मोठे कारण होता. एलईडीने डबा, केबल आणि ठिणगी या तिन्हींची गरज बहुतेक पाणबुड्यांपुरती संपवली, आणि त्यामुळेच खिशातल्या व पाण्यातल्या विजेरीत आता फरक उरला नाही असा समज पसरला.

हा समज बटणापाशीच कोसळतो. पाण्यात दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, तर विजेरीच्या आतील हवा पृष्ठभागावरच्या दाबालाच राहते. खिशातल्या विजेरीच्या शेपटीला साधारण बारा मिलिमीटर व्यासाचे रबरी बटण असेल, तर तीस मीटर खोलीवर त्यावर सुमारे साडेतीन किलो वजनाइतका जोर पडतो. बटण आपोआप दाबले जाते, किंवा दाबलेले राहून बंदच करता येत नाही. यावर उपाय म्हणून डाइव्ह टॉर्चमध्ये बाहेरून सरकणारे चुंबकीय कडे असते आणि आतील चुंबक-संवेदक त्याची जागा ओळखतो, त्यामुळे अंगाला छिद्रच ठेवावे लागत नाही. आयपीएक्स-८ या खुणेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तिचा अर्थ एक मीटरपेक्षा खोल, उत्पादकाने सांगितलेल्या खोलीपर्यंत एवढाच असतो, आणि ती खोली दोन मीटरही असू शकते. ओ-रिंग या रबरी कड्यांबाबत उलटी गंमत आहे: दाब वाढला की कडे आपल्या खाचेत अधिक घट्ट बसते, त्यामुळे वाळूचा कण किंवा केस अडकलेली विजेरी बहुधा खोलवर नव्हे, पहिल्या काही मीटरांतच पाणी घेते.

उष्णतेचा हिशेबही उलटा आहे. सभोवतालचे पाणी अंगाची उष्णता सतत वाहून नेते म्हणून डाइव्ह टॉर्च पूर्ण तेजाने तासभर चालू शकतो. तोच नावेवर चालू राहिला तर काही मिनिटांत हाताला चटका बसेल इतका तापतो. झोताचा कोनही बदलतो, कारण सपाट काचेतून पाण्यात शिरताना प्रकाशाचे वक्रीभवन होते आणि हवेत १२० अंश पसरणारा झोत पाण्यात सुमारे ८० अंशांवर येतो. पाण्याखालच्या चित्रीकरणासाठी दिवा घेणाऱ्याने छापील कोन कोणत्या माध्यमातला हे विचारलेच पाहिजे.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि गोव्यात ग्रँड बेटाभोवती पाणबुडे उतरतात. कोकण किनाऱ्याच्या या पाण्यात गाळ व सूक्ष्म कण बरेच असतात. अशा पाण्यात रुंद झोत कणांवर आपटून डोळ्यांकडे परततो आणि ल्युमेन वाढवले की समोरचा पडदा अधिकच पांढरा होतो, त्यामुळे दहा अंशांच्या आतला अरुंद झोत इथे हजार ल्युमेनच्या रुंद झोताहून अधिक दाखवतो. लाल रंग पाणी पहिल्या काही मीटरांतच शोषून घेत असल्याने, लाल रंगाची छटा नीट दाखवणारा डायोड निवडला तर प्रवाळाचा खरा रंग जवळून दिसतो. या गुणाची चर्चा खिशातल्या विजेरीच्या जाहिरातींतच अधिक होते, हे जरा विचित्रच.

दोन्ही कामांना एकच दिवा चालवण्याचे प्रयत्न फसतात. डाइव्ह टॉर्चला अंधाऱ्या खोलीत घड्याळ पाहण्यापुरता एक ल्युमेनहून मंद उजेड सहसा देता येत नाही आणि त्याचे जाड अंग खिशात खुपते. खिशातली विजेरी पाण्यात बटणापाशी हरते आणि तिच्या चार्जिंगच्या खाचेवरचे रबरी झाकण पावसासाठी असते, समुद्रासाठी नव्हे. रात्रीच्या डुबकीला मुख्य आणि राखीव असे दोन डाइव्ह टॉर्च न्यावेत. खिशातली विजेरी नावेवर, सामान शोधायला ठेवावी.